टाचणीने विकत घेतलेल्या भिंती

पडद्यांच्या दुकानात तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने बारीक, जिभेने टोकदार, आणि ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या. त्यामुळे ती बोलायची तोंडाच्या एका कोपऱ्यातून, आणि त्या कोपऱ्यातून गोड असं सहसा काही बाहेर पडत नसे. गिऱ्हाइकाने "चुण्या विरळ वाटतात" म्हटलं की हिचं उत्तर तयार, "पैसे जेवढे, तेवढ्या चुण्या." मालक कपाळाला हात लावायचे, पण तिला काही बोलायचे नाहीत. तिच्यासारख्या चुण्या दुसऱ्या कुणाला घालता येत नव्हत्या, हे एक कारण. दुसरं असं, की एके काळी हे दुकान तिचंच होतं.

तिचं म्हणजे तिचं आणि तिच्या नवऱ्याचं. जागा भाड्याची, पण मशीन, कात्र्या, कापडाचे तागे, नाव, गिऱ्हाईक सगळं या दोघांचं. एक दिवस जागेच्या मालकिणीने सांगितलं, की मला जागा विकायची आहे. तुम्ही घेणार असाल तर आधी तुम्हाला, नाहीतर दुसरा माणूस तयारच आहे. पैसे नव्हते असंही नाही. टाचणीच्या वडिलांनी जन्मभर पोटाला चिमटा काढून दोन्ही मुलांच्या नावावर एका इमारत ट्रस्टची युनिटं, म्हणजे हिस्से, घेऊन ठेवली होती. टाचणीला जेवढी, तेवढीच तिच्या दादाला.

ट्रस्टचा मामला साधा होता. हजारो लोकांचे पैसे एकत्र करायचे, ऑफिसांच्या मोठमोठ्या इमारती घ्यायच्या, आणि येणारं भाडं सगळ्यांत वाटायचं. युनिट परत केलं की पैसे मिळायचे. मेख एवढीच होती, की बाजार पडला आणि सगळेच एकदम पैसे मागायला धावले तर ट्रस्ट हात वर करायचा, कारण इमारतीची एक खोली मोडून कुणाच्या हातात ठेवता येत नाही. मग ज्याची अगदीच अडचण असेल त्याने आपली युनिटं ट्रस्टच्याच दुसऱ्या एखाद्या सभासदाला विकायची, दोघांत ठरेल त्या भावाने.

आणि जागा विकायला निघाली ती नेमकी बाजार पडला तेव्हाच.

टाचणी दादाकडे गेली. दादा लिफ्ट दुरुस्तीची कंत्राटं घ्यायचा, हाताखाली पाच-सहा माणसं होती, गाठीला रोख पैसा होता. त्याने तिला बसवलं, पाठीवरून हात फिरवला, स्वतः चहा केला, आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "अगं, तू सख्खी बहीण. नाही कसं म्हणू? निम्म्या भावाने घेतो. बाहेरच्याने एवढेही दिले नसते."

केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. तिने सही केली. निम्म्या पैशात जागा काही आली नाही. ती दुसऱ्याने घेतली, दुकानासकट, आणि तेच आताचे मालक. माणूस वाईट नव्हता; त्याने दोघांनाही कामावर ठेवून घेतलं. पण आपल्याच दुकानात गळ्यात मोजपट्टी अडकवून "साहेब, हा रंग कसा वाटतो" म्हणणं नवऱ्याला जमलं नाही. तो एका वाहनतळावर राखणदार झाला. बोलायचा कमी झाला, मग जेवायचा कमी झाला, आणि एका साध्याशा आजारपणाचं निमित्त होऊन गेला.

इकडे बाजार सावरला. युनिटांचा भाव होता तिथे आला आणि वरही गेला. दादाने बहिणीकडून घेतलेल्या युनिटांच्या जोरावर कर्ज काढलं आणि आपल्या घराच्या वरचाच फ्लॅट घेतला. खिडक्यांची मापं घ्यायला बोलावलं कुणाला? टाचणीला. पडदे शिवायला सांगितले कुणाला? टाचणीला. आणि वर म्हणाला, "घरचं काम आहे, थोडी सूट मिळव की मालकांकडून."

तिने सूट मिळवून दिली. पडदे लावून खाली उतरली आणि जिन्यातच तिने मनाशी गाठ मारली: याला असाच एक दिवस माझ्या दारात यायला लागेल, हा निम्म्या भावाने सगळं माझ्या हवाली करेल, आणि त्याचंच वाक्य मी त्याला ऐकवेन.

आता डूख धरणारी माणसं पुष्कळ असतात. दात-ओठ खातात, चार दिवस जेवत नाहीत, मग विसरतात. टाचणीचं तसं नव्हतं. ती शिवणकाम करणारी बाई, तिचा सूडही मापं घेऊन बेतलेला. युनिटं विकताना तिने एक युनिट वडिलांची आठवण म्हणून स्वतःकडे ठेवून घेतलं होतं; आता ते तिने मुद्दाम जपलं, कारण सभासद नसेल त्याला सभासदाकडून काही घेता येत नाही. त्या एका युनिटाच्या भाड्यात दोऱ्याचं एक रीळ जेमतेम यायचं. तिला एक लेक होती, ती हसायची, "आई, आज इमारतींचं भाडं आलं, काय करायचं एवढ्या पैशाचं?" टाचणी म्हणायची, "असू दे. माझी जागा धरून ठेवलीय मी."

लेक शहाणी होती. नोकरीला लागल्यावर तिने आईचा पगार, वडिलांचे मिळालेले पैसे, स्वतःचे थोडे असं सगळं घेऊन त्याची घडी बसवून दिली. पैशाचे तीन वाटे. एक वाटा इमारत ट्रस्टांत, पण वेगवेगळ्या, आणि बाजारात रोज विकता येतील अशा. दुसरा बाँडांत, म्हणजे आपण दिलेलं कर्ज. ठरलेलं व्याज, ठरलेल्या तारखेला मुद्दल. तिसरा रोख. वर्षातून एकदा मायलेकी जेवणाच्या टेबलाशी बसायच्या आणि तिन्ही वाटे पुन्हा सारखे करायच्या. जो फुगला असेल त्यातलं काढायचं, जो आटला असेल त्यात घालायचं. "इमारती पडल्या की बाँड सावरतात, दोन्ही पडले की रोख सावरते," लेक समजावायची. "आपलं घर भाड्याचं आहे, आई. रोख वाट्याला हात लावायचा नाही. ते आपलं पोट आहे."

टाचणी मान डोलवायची आणि करायची भलतंच. ट्रस्टांतलं हळूहळू काढून तिने रोख वाढवत नेली. वाटे सारखे करायच्या दिवशी तिला दरवर्षी डोकेदुखी व्हायची.

"अगं, रोख नुसती बसलीय. महागाई तिला कुरतडतेय," लेक वैतागायची.

"बसू दे. मीही बसलेच आहे की."

आणि दर रविवारी ती दादाकडे जायची. एक रविवार चुकवला नाही. वहिनीला वाटायचं, नणंद एकटी पडली आहे, भावाच्या मायेने येते. दादालाही तसंच वाटायचं. टाचणी यायची ती त्याच्या पैशाची नाडी बघायला. दादाला बोलायची हौस, त्यामुळे तिला काही विचारावंही लागायचं नाही. दादा भिंतींवर भाळलेला माणूस होता. ज्या ट्रस्टची युनिटं त्याच्याकडे होती, त्याच ट्रस्टच्या इमारतींतल्या लिफ्टची कंत्राटं त्याने मिळवली होती, आणि याचा त्याला कोण अभिमान! "माझ्या इमारती," म्हणायचा. पगारही त्याच भिंतींतून आणि बचतही त्याच भिंतींत. टाचणीला हे ऐकून घरी जाताना हसू आवरायचं नाही.

मग ते वर्ष आलं. दादाच्या लिफ्टना एकाएकी उसंत मिळेनाशी झाली. दादाची बैठक इमारतीच्या माथ्यावर, यंत्राच्या खोलीत. तिथे लिफ्टच्या फेऱ्या मोजणारा काटा असतो. तो काटा भराभर पुढे सरकू लागला. तक्रारी वाढल्या, दोर झिजू लागले, दादाने दोन माणसं जास्त ठेवली. लिफ्टमधून सामान नेताना आतल्या भिंतींना ओरखडे पडू नयेत म्हणून जाड, रजईसारख्या शिवलेल्या गाद्या टांगतात. तशा गाद्यांची मोठी ऑर्डर त्याने टाचणीच्या दुकानातच दिली.

गाद्या पोचवायला टाचणी स्वतः गेली, तीही इमारतीच्या मागच्या फाटकाने, कारण माल तिथूनच नेतात. फाटकाशी ट्रक उभे होते. लिफ्ट वरून यायची ती टेबलं, खुर्च्या, कपाटं, गुंडाळलेले गालिचे यांनी ठासून भरलेली, आणि वर जायची रिकामी. हमाल घामाघूम झाले होते. एका ट्रकात तिला तिनेच शिवलेले पडदे दिसले, बोळा करून कोंबलेले. ऑफिसं येत नव्हती, जात होती. एक बुडालं म्हणून, एकाला खर्च कमी करायचा म्हणून, एकाने माणसांना घरूनच काम करायला सांगितलं म्हणून. दादा माथ्यावर बसून फेऱ्या मोजत होता, आणि त्या फेऱ्यांत काय उतरतंय हे बघायला एकदाही खाली आला नव्हता.

त्या रविवारी दादा खुशीत होता. हात चोळत म्हणाला, "पुन्हा भरभराट येतेय, बघ. फेऱ्या दुप्पट झाल्यात. माझ्या मनात आहे, बाँड मोडावेत, रोख काढावी आणि सगळं ट्रस्टमध्ये घालावं. तू परवा गाद्या घेऊन गेली होतीस ना? कसं काय आहे तिकडे? सामान चढतंय ना जोरात?"

टाचणीला क्षणभर खरं सांगावंसं वाटलं. सख्खा भाऊ होता. मग तिला वाहनतळाच्या केबिनमध्ये स्टुलावर बसलेला नवरा आठवला.

"तर काय!" ती म्हणाली. "हमालांना दम खायला वेळ नाही."

एवढंच. तिने यात खोटं काय सांगितलं? काहीच नाही, आणि सगळंच.

दादाने बाँड मोडले, रोख काढली, सगळं ट्रस्टमध्ये घातलं. पुढच्या काही महिन्यांत व्हायचं ते झालं. इमारती निम्म्या रिकाम्या झाल्याचं जगजाहीर झालं, भाव गडगडला, लोक पैसे मागायला धावले, आणि ट्रस्टने हात वर केले. वाटायचं भाडंही घटलं. इमारतींनी खर्च कमी करायला अर्ध्या लिफ्ट बंद करून टाकल्या आणि दादाची कंत्राटं रद्द केली. माणसांचे पगार थकले, वरच्या फ्लॅटचे हप्ते थकले. दादाच्या तोंडचं पाणी पळालं.

टाचणीने रविवारी जायचं बंद केलं. आता त्याने यायचं होतं.

तो आला एका दुपारी. तिच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जिने चढून धापा टाकत तो खुर्चीत बसला. टाचणीने त्याला पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. तो इकडचं तिकडचं बोलत राहिला, गुडघे दुखतात, वहिनीचं बरं आहे, हवा काय विचित्र पडलीय. टाचणीने त्याला जराही मदत केली नाही. ती पडद्याच्या कडेला टाके घालत बसली होती, ती घालतच राहिली.

शेवटी तो म्हणाला, "तू अजून सभासद आहेस ना गं ट्रस्टची?"

"आहे की."

"माझी युनिटं घेशील का? थोडी घे. अडलोय बघ."

"थोडी कशाला? सगळी घेते. निम्म्या भावाने."

तिने श्वास धरला. आता तो चिडेल, नाकदुऱ्या काढेल, मग ती ते वाक्य उच्चारेल. इतकी वर्षं तिने ते वाक्य चुण्या घालताना, भांडी घासताना, अंथरुणावर पडल्या पडल्या घोळवलं होतं. पण दादाचे डोळे भरून आले. त्याने तिचा हात धरला, सुईसकट.

"बाहेरच्याने एवढेही दिले नसते गं," तो म्हणाला. "शेवटी आपलं माणूसच धावून येतं. तुझ्या वेळी मी आलो, माझ्या वेळी तू."

टाचणी सुन्न झाली. या माणसाच्या लेखी त्याने तेव्हा उपकार केले होते! इतकी वर्षं तो ते उपकार उराशी धरून सुखाने झोपत होता, आणि आता तिच्या सूडाचीही त्याने माया करून टाकली होती. असं कसं चालेल? तिने हात सोडवून घेतला.

"दादा, त्या लिफ्टमधून सामान चढत नव्हतं. उतरत होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं."

त्याला समजायला वेळ लागला. "कधी?"

"गाद्या घेऊन गेले तेव्हा. तू मला विचारलंस, त्याच्या आधी."

"आणि तू मला म्हणालीस..."

"हो. म्हणाले."

दादा उठला. दारापर्यंत गेला. टाचणी बघत होती. तो दाराशी थांबला, आणि मग परत येऊन खुर्चीत बसला, कारण बाहेर कुणीच ती युनिटं घेणारं नव्हतं. "दर रविवारी यायचीस," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं..." टाचणीने कागद पुढे सरकवले. त्याने ते न वाचताच सही केली, आणि टाचणीला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, फार आनंद झाला.

संध्याकाळी लेकीने कपाळ बडवून घेतलं. "आई, निम्म्या भावाने मिळतात म्हणून घेतलीस, घे! पण एका वाट्यापुरती घ्यायची. तू रोख सगळी दिलीस, बाँड मुदतीआधी तोट्यात मोडलेस. तीन वाटे कुठे आहेत आता? सगळ्या भिंतीच भिंती. ट्रस्ट पैसे कधी मोकळे करेल कुणाला ठाऊक. भाव अजून पडला तर?"

"मी भाव बघून घेतलेली नाहीत."

"मग काय बघून घेतलीस?"

टाचणीने सुईत नवा दोरा ओवला. तिने दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी नव्या चपला घेतल्या, आणि पुढचे काही आठवडे ती दुकानात चक्क गुणगुणत होती. गिऱ्हाइकांना पैशांपेक्षा जास्त चुण्या मिळाल्या.

मग एका सकाळी मालकांनी तिला गल्ल्याशेजारी बसायला सांगितलं. मालकांनी तिला कधी बसायला सांगितलेलं नव्हतं.

"टाचणीबाई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "आपलं बहुतेक काम ऑफिसांचं. आता पडदे काढून नेणारेच आहेत, लावणारं कुणी नाही. पुढच्या महिन्यापासून मला तुमचा पगार झेपायचा नाही."

ट्रकात कोंबलेले पडदे टाचणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ते पाहून दादाचं काय होणार हे तिला लख्ख कळलं होतं. पण ते पडदे कुणी शिवले होते, आणि आता नवे कुणी शिवणार होतं का, हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. पगारही त्याच भिंतींतून आणि बचतही त्याच भिंतींत, म्हणून ती दादाला हसत होती. आता तिच्या बचतीत तर दादाच्याही भिंती आल्या होत्या.

घरभाड्याचे दोन महिने लेकीच्या पगारातून निघाले. तिसऱ्या महिन्यात लेकीचा पगार कापला गेला. ट्रस्टचं दार अजून बंदच होतं.

"मामाकडे जा," लेक म्हणाली. "माणसांचे पगार, हप्ते सगळं देऊनही त्यांनी थोडी रोख बाजूला ठेवलीय. मामी सांगत होती. तिथे बोलणी खावी लागतील, पण घरमालक आपल्याला बाहेर काढायच्या आत जा."

टाचणी गेली. दादाच्या दाराशी पोचली, घंटीकडे हात नेला आणि तसाच खाली आणला. पहिलं वाक्य काय बोलायचं तेच तिला सुचेना. आधी गुडघ्यांची चौकशी करावी, की एकदम पैशाचंच काढावं? दादा बस म्हणेल का? वहिनी तिथेच उभी राहिली तर? तिच्या घशाला कोरड पडली, हाताला घाम आला, कानशिलं तापली. जिन्यातून कुणी वर आलं तर आपण अशा उभ्या का, हे त्याला काय सांगावं, याचीही तिला लाज वाटू लागली.

आणि मग तिच्या लक्षात आलं. त्या दुपारी दादा आला, तेव्हा तिने त्याला पाहिलं ते दार उघडल्यापासून पुढे. दाराबाहेर तोही असाच उभा राहिला असणार. याच घामाने, याच कोरड्या घशाने, घंटीकडे नेलेला हात मागे घेत. तो भाग तिने बघितलाच नव्हता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. त्याचा तो वेळ तिने आपल्या सूडाच्या हिशेबात धरलाच नव्हता, आणि तो आज तिला आयता मिळाला होता.

पैशाची चिंता होती तशीच होती. तरी तिच्या अंगभर ऊब पसरली आणि तोंडाचा तो एक कोपरा आपोआप वर गेला. तिने घंटी दाबली. आतून दादाची पावलं वाजली, कडी सरकली, तशी तिने घाईघाईने हसू आवरलं.